चहाच्या रंगाचं ऑइल आधी बघा

प्रश्न

राम राम. मी मोहोळ तालुक्यातला शेतकरी. माझ्याकडं 2014 सालची डिझेल फोर बाय फोर जीप आहे, सेकंडहँड घेतलेली. 1,38,000 किलोमीटर झालेत. गड्ड्याची यात्रा झाल्यावर सोलापुरात एका गॅरेजात गिअर बॉक्स, ट्रान्सफर केस आणि मागच्या डिफरन्सियलचं ऑइल बदलून घेतलं. पुढच्या डिफरन्सियलचं राहिलं. मिस्त्री म्हणाले, फोर व्हील कधीमधी लावता, त्याला काय होतंय. गिअर बॉक्सच्या ड्रेन बोल्टला चुंबक आहे, त्याला करडा चिखल चिकटला होता, आणि निघालेलं ऑइल उन्हात धरलं तर सोनेरी चमचम दिसली. मिस्त्री म्हणाले, बॉक्स गेला, उतरवून खोलावा लागेल, 45,000 धरून चाला. दुसऱ्या मिस्त्रींना दाखवलं तर ते म्हणाले, असं सगळ्याच गाड्यांत निघतं, ऑइल टाका आणि बिनधास्त चालवा. मागच्या डिफरन्सियलचं ऑइल दुधाच्या चहासारखं निघालं. त्यात चार-पाच चपट्या पापड्या होत्या, त्या मी पुडीत बांधून ठेवल्यात. सप्टेंबरात सीनेला पूर आला तेव्हा गाडी पाण्यातून बरीच चालली, माणसं आणि चारा नेला. साठ-सत्तरच्या स्पीडला मागून घूंऽऽ असा आवाज येतो, पण तो जुनाच असेल. पुतण्या डांबरीवरही फोर व्हील लावूनच चालवतो, ग्रिप चांगली राहते म्हणतो. उसाचं बिल अजून आलेलं नाही. बॉक्स खोलू का नको? कुणाचं ऐकू? फोटो जोडलेत.

उत्तर

भाऊ, गिअर बॉक्स खोलू नका. मागचं डिफरन्सियल (मागच्या दोन चाकांच्या मधला, ताकद चाकांना वाटून देणारा गिअरचा डबा) मात्र याच आठवड्यात खोला, आणि ते खोलेपर्यंत गाडी अंगणात उभी राहू द्या. उसाच्या बिलाची वाट बघू नका. गरज पडली तर हातउसने घ्या, पण हे काम पुढं ढकलू नका.

तुमचे फोटो मी दोन-तीनदा मोठे करून बघितले. तुमचं लक्ष सोनेरी चमचमीकडं गेलं, दोन्ही मिस्त्रींचंही तिकडंच गेलं. ऑइलात सोनं चमकायला लागलं की कुणाच्याही पोटात गोळा येतो, त्यात तुमची चूक नाही. पण गाडीचं खरं दुखणं तुम्ही जाता जाता लिहिलेल्या गोष्टींत आहे: चहासारखं ऑइल, पुडीतल्या पापड्या आणि साठ-सत्तरचा आवाज. तिन्ही एकाच डब्यातून आलेल्या आहेत आणि तो डबा गिअर बॉक्स नव्हे.

तरी आधी गिअर बॉक्सचं सांगतो, म्हणजे 45,000 चा आकडा डोक्यातून जाईल. गिअरचे दात एकमेकांवर नुसते फिरत नाहीत, ते घासतातही. घासलं की लोखंड झिजणार. या नेहमीच्या झिजेचे कण बहुतेक 15 मायक्रॉनच्या आतले असतात, आणि माणसाचा केस साधारण 70 मायक्रॉन जाड असतो. म्हणजे असा एकेक कण डोळ्यांना वेगळा दिसतच नाही. असे लाखो कण ऑइलात कालवले जातात आणि चुंबकावर त्यांचं करडं मलम साचतं. चुंबक बोल्टात बसवलेलं असतं ते याचसाठी. 1,38,000 किलोमीटर चाललेल्या गाडीच्या चुंबकाला काहीच चिकटलं नसतं, तर मी आधी चुंबक जागेवर आहे की गळून पडलंय ते बघितलं असतं.

तो चिखल पुसून टाकला नसेल तर चिमूटभर घ्या आणि अंगठा-तर्जनीत हलकेच चोळा. लोण्यासारखा, काजळासारखा मऊ लागला तर निर्धास्त राहा. वाळूसारखं कचकच लागलं तर ते डिझेलमध्ये धुऊन, पांढऱ्या कपड्यावर पसरून, उन्हात नीट बघायचं. जोरात मात्र चोळू नका, बारीक पातं असेल तर बोटात घुसतं. फोटोतला चिखल मला मऊ दिसतोय. त्याच्या कडेला कुठंही टोक बाहेर आलेलं नाही.

आता सोनेरी चमचम. गिअर बॉक्समध्ये सिंक्रो रिंगा असतात, बहुतेक जुन्या गाड्यांत पितळेच्या. तुम्ही दुसऱ्यातून तिसरा टाकता तेव्हा शाफ्टचा आणि गिअरचा वेग वेगळा असतो. ही रिंग गिअरच्या निमुळत्या तोंडावर घासून दोन्ही वेग जुळवते, मग दात गुपचूप बसतात. घासणं हेच तिचं काम आहे. प्रत्येक वेळी गिअर टाकताना ती अणूरेणूइतकी झिजते आणि ते पितळ ऑइलात उतरतं. चुंबकाला ते चिकटत नाही, म्हणून तरंगत राहतं आणि उन्हात चमकतं. त्या ऑइलातून चुंबक फिरवा. चमचम तशीच राहिली तर ते पितळच.

रिंग संपत आली आहे की नाही हे ऑइलापेक्षा तुमचा हात चांगलं सांगेल. गिअर टाकताना खर्रकन आवाज येतो का? घाईत दुसरा घेताना दांडी अडते का? उतारावर पाय सोडला की गिअर निसटून न्यूट्रलला येतो का? गाडी उभी, इंजिन चालू, न्यूट्रल, क्लच सोडलेला असताना आतून घरघर येते आणि क्लच दाबला की थांबते, असं होतं का? यातलं काहीच तुम्ही लिहिलेलं नाही, आणि इतकं बारकाईनं पत्र लिहिणारा माणूस हे लिहायला विसरणार नाही. म्हणून बॉक्सला हात लावू नका. हजार किलोमीटरनंतर बोल्ट उघडून पुन्हा बघा, चिखल पुसा, पुडीत ठेवा आणि पुडीवर तारीख-किलोमीटर घाला. एका वेळच्या कणांवरून फार काही कळत नाही. दुसऱ्या वेळी वाढले की तेवढेच राहिले, यावर निर्णय होतो.

हे मी अनुभवानं सांगतोय. माझ्या उमेदीच्या काळात मी एका गिऱ्हाइकाचा बॉक्स निव्वळ पिवळ्या चमचमीवरून उतरवला होता. आत सगळं धड होतं. परत जोडला, पण एक शिम (अंतर जुळवणारी पातळ चकती) चुकीच्या जागी बसली असणार, कारण महिन्याभरात तिसऱ्या गिअरला बारीक शिट्टी सुरू झाली. मी पैसे घेतले नाहीत, दोनदा पुन्हा खोलला, तरी ती शिट्टी गेली नाही. त्यांच्याकडं नांदत्या घरासारखा चांगला चाललेला बॉक्स होता आणि तो मी बिघडवला, याचं मला अजून वाईट वाटतं. चालता बॉक्स उगाच उघडू नये, हे मी तेव्हापासून प्रत्येकाला सांगतो.

बॉक्सबद्दल एकच गोष्ट आज करा. नवीन ऑइल टाकलं त्याचा डबा गॅरेजात जाऊन बघा. डब्यावर जीएल-4 किंवा जीएल-5 असं लिहिलेलं असतं. जीएल-5 डिफरन्सियलमधल्या क्राउन-पिनियनसारख्या (क्राउन म्हणजे मोठं दातेरी चाक, पिनियन म्हणजे त्याला फिरवणारा छोटा गिअर) जबरदस्त दाबाच्या दातांसाठी असतं. त्यात गंधक-फॉस्फरसची मात्रा जास्त असते, आणि तापल्यावर हे गंधक पितळेला खाऊ शकतं. शिवाय ते इतकं निसरडं असतं की सिंक्रो रिंगेला पकड मिळत नाही आणि गिअर अडखळतो. तुमच्या मॅन्युअलमध्ये बॉक्ससाठी जीएल-4 लिहिलं असेल आणि गॅरेजात तिन्ही ठिकाणी एकाच कॅनमधलं जीएल-5 ओतलं असेल, तर बॉक्सचं ऑइल पुन्हा बदलून घ्या. ट्रान्सफर केसचंही (पुढच्या-मागच्या चाकांकडं ताकद पाठवणाऱ्या डब्याचंही) मॅन्युअलमध्ये बघा. काही गाड्यांत तिथं गिअर ऑइल चालत नाही, ऑटोमॅटिक ट्रान्समिशनचं पातळ ऑइल लागतं. आणि गिअर ऑइलाला कुजक्या लसणासारखा वास येतो त्याला घाबरू नका, तो गंधकाचा वास आहे, नव्या ऑइलालाही येतो. करपल्याचा वास आला तर मात्र मला कळवा.

हे झालं बॉक्सचं. आता ज्यासाठी गाडी उभी करायला सांगितली, ते.

2025 च्या सप्टेंबरात सीनेनं माढा, मोहोळ, करमाळ्याच्या गावांची काय दशा केली ते सगळ्या जिल्ह्यानं बघितलं. त्या पाण्यातून तुम्ही माणसं आणि चारा नेला, हे वाचून मन भरून आलं. पण ट्रॅक्टर आणि जीप पाण्यातून काढलेल्या लोकांना मी तेव्हापासून एकच विचारतोय, नंतर ऑइल बघितलं का? बहुतेक जण इंजिनचं बघतात. खालचे दोन डबे कुणाच्या ध्यानात राहत नाहीत.

पाणी आत कसं जातं ते समजून घ्या. रस्त्यानं चालत आलेल्या गाडीचं डिफरन्सियल हात लावू देत नाही इतकं तापलेलं असतं. आतली हवाही गरम, फुगलेली. ते एकदम गार पाण्यात बुडालं की आतली हवा आकसते आणि आत ओढ तयार होते. या ओढीसाठी वर एक छोटी वाट ठेवलेली असते, तिला ब्रीदर म्हणतात. ब्रीदर आपल्याकडच्या काळ्या मातीनं बुजलेला असला, किंवा त्याचं तोंडच पाण्याखाली गेलं, तर ओढ पाण्यावरच लागते. ऑइल सील हे आतलं ऑइल बाहेर येऊ नये म्हणून बसवलेलं असतं. बाहेरून आत येणाऱ्याला ते तितकं अडवत नाही. दोन-चार घोट पाणी गेलं की गिअर त्याचं ताक घुसळतात, आणि ऑइल चहाच्या रंगाचं होतं. तुमचं झालं ते हेच.

खात्री करायची असेल तर त्या जुन्या ऑइलातले दोन थेंब घ्या. घरात करू नका, अंगणात करा, आणि डिझेल-रॉकेलच्या जवळ नको. जुना चमचा चांगला तापवा, विस्तवावरून बाजूला घ्या आणि त्यावर थेंब सोडा, तोंड लांब ठेवून. फोडणीतल्या मोहरीसारखं तडतडलं तर त्यात पाणी आहे.

पाण्यानं ऑइलाची वंगणाची ताकद कमी होते हे तर आहेच, पण त्याहून वाईट गोष्ट गाडी उभी असताना घडते. पाणी खाली बसतं, आणि बेअरिंगचा जो भाग खाली असेल तिथं गंज धरतो. गंजाचा ठिपका टाचणीच्या डोक्याएवढा असतो. पण बेअरिंगचे रोलर त्या ठिपक्यावरून मिनिटाला हजारो वेळा जातात. ठिपक्याच्या कडेनं भेग सुटते, भेग पोलादाच्या कातडीखालून पसरते आणि एक दिवस रेसचा, म्हणजे रोलर ज्यावरून फिरतात त्या पोलादी कड्याचा, पापुद्रा निघतो. तो दुसऱ्या रोलरखाली चिरडतो, तिथं खड्डा पाडतो, आणि मग ते थांबत नाही.

म्हणून पुडी उघडा आणि पापड्या भिंगातून किंवा मोबाइलचा कॅमेरा जवळ नेऊन बघा. एक बाजू आरशासारखी गुळगुळीत आणि दुसरी बाजू फुटलेल्या गुळासारखी खरबरीत असेल, तर ती बेअरिंगच्या रेसची कातडी आहे. गुळगुळीत बाजू म्हणजे रोलर ज्यावरून फिरायचे ती. तुकडा जाड, त्रिकोणी, दगड फुटल्यासारखा असेल तर तो दाताचा, आणि काम मोठं. लेथवर निघतं तसं कुरळं बारीक कात्रण असेल तर एखादा भाग सरकून दुसऱ्याला कापतोय. फोटोत पापड्या पातळ आहेत आणि निदान दोघींची एक बाजू लख्ख चमकते आहे. माझा अंदाज बेअरिंगचा आहे, त्यातही पिनियनच्या.

पिनियन का, ते तुमचा आवाज सांगतो. चाक एकदा फिरतं तेव्हा पिनियन साधारण चार वेळा फिरतं, म्हणून त्याचं बेअरिंग आधी बोलायला लागतं. मोकळ्या रस्त्यावर जरा अंतर चालवून बघा असं एरवी मी सांगितलं असतं, पण आता गाडी काढू नका, आठवून सांगा. आवाज पाय दाबला तरी, सोडला तरी तसाच येतो का? तर बेअरिंग. फक्त पाय दाबल्यावर शिट्टीसारखा चढतो आणि सोडला की मरतो, किंवा याच्या उलट, तर क्राउन-पिनियनच्या दातांची बैठक बिघडली. डावीकडं वळताना वाढतो आणि उजवीकडं कमी होतो, किंवा उलट, तर चाकाचं बेअरिंग. आणि सरळ चालताना गप्प, वळल्यावरच कटकट, तर डिफरन्सियलच्या आतले छोटे गिअर. आवाज जुनाच असेल असं तुम्ही लिहिलंय. पुराच्या आधी तो होता का, हे घरातल्या दुसऱ्या कुणाला तरी विचारा. रोज गाडीत बसणाऱ्याच्या कानाला आवाजाची सवय होते, महिन्यातून एकदा बसणाऱ्याला तो लगेच कळतो.

गाडी उभी करायला का सांगतोय? पिनियनचं बेअरिंग अडकलं की मागची दोन्ही चाकं जागच्या जागी बसू शकतात. तुळजापूरच्या वाटेवर मी एकदा रात्री अशी गाडी ओढायला गेलो होतो. डांबरावर दोन काळे पट्टे आणि गाडी आडवी. समोरून ट्रक आला नाही म्हणून पाच माणसं घरी गेली. त्यांनाही महिनाभर आवाज येत होता. तुमच्या गाडीत पुतण्या असतो, पोरं असतात. दुसरे मिस्त्री ‘बिनधास्त चालवा’ म्हणाले ते गिअर बॉक्सबद्दल बरोबरच होतं. पण त्यांना तुम्ही पुडी दाखवली होती का? पत्रावरून वाटतं, दाखवली नसावी. पहिल्या मिस्त्रींनी धोका ओळखला, पण डबा चुकला. दोघांवरही राग धरू नका, आणि मागचं काम पहिल्यांकडंच करायचं असेल तरी हरकत नाही, फक्त पुडी घेऊन जा आणि ‘हे कुठलं आहे ते आधी सांगा’ म्हणा.

डिफरन्सियल खोलताना तुम्ही स्वतः समोर उभे राहा. खोलण्याआधी मिस्त्रींनी डायल गेज (बारीक अंतर मोजायचं साधन) लावून क्राउनचा बॅकलॅश, म्हणजे दातांमधली मोकळीक, मोजायला हवा. मॅन्युअलमध्ये आकडा दिलेला असतो, मिलिमीटरच्या दहाव्या भागाच्या आसपासचा, म्हणजे नुसत्या हातानं हलवून तो कळत नाही. तो कागदावर लिहून ठेवा. जोडताना त्याच आकड्यांना यायचं आहे. दातांवर रंग लावून ठसा बघायचा असतो, रंग दाताच्या मधोमध उमटला पाहिजे. बेअरिंग बदलली की शिम आणि पिनियनचा प्रीलोड (बेअरिंगवरचा आवळ) पुन्हा लावावा लागतो. ‘आवळून टाकतो, बसतंय’ असं कुणी म्हणालं तर तिथंच थांबवा. डायल गेज नाही असं म्हणाले तर दुसरीकडं जा. इतकं साधं मापाचं साधन ज्यांच्याकडं नाही, त्यांनी हे काम करू नये असं माझं स्पष्ट मत आहे.

बेअरिंग सगळीच बदला, पिनियनची दोन्ही आणि क्राउनच्या बाजूची दोन्ही. पाणी एकट्या बेअरिंगला लागलेलं नाही. सील नवी घाला, ब्रीदर साफ करा किंवा त्याला नळी लावून वर, इंजिनच्या उंचीपर्यंत न्या. पुन्हा पाण्यात जायची वेळ आली तर ही नळी कामाला येईल. दात शाबूत असतील तर खर्च बेअरिंग, सील, ऑइल आणि मजुरीचा, बॉक्सच्या आकड्याच्या जवळपासही जाणार नाही. दात गेले असतील तर क्राउन आणि पिनियन जोडीनं बदलावं लागतं. एक जुनं, एक नवं कधीच घालू नका. ती जोडी कारखान्यात एकत्र घासून जुळवलेली असते.

जुन्या बाजारातून जोडी आणायची वेळ आली तर दात मोजून आणा. क्राउनला 41 आणि पिनियनला 10 असतील तर प्रमाण 4.10 झालं. मागचं आणि पुढचं प्रमाण एकच असलं पाहिजे. तुमच्या गाडीच्या एकाच मॉडेलमध्ये वेगवेगळ्या वर्षी वेगळं प्रमाण असू शकतं, आणि दिसायला दोन्ही सारखीच दिसतात. वेगळं बसवलं तर फोर व्हील लावताक्षणी पुढचं आणि मागचं एकमेकांशी भांडायला लागेल.

आणि एक. काम झाल्यावर ‘आवाज अजून थोडा आहे, 140 नंबर टाकतो’ असं कुणी म्हणालं तर नको म्हणा. जाड ऑइलानं आवाज दबतो, रोग दबत नाही. जुन्या गाड्या विकताना डिफरन्सियलमध्ये 140 नंबरचं ऑइल भरायचे, काही ठिकाणी तर लाकडाचा भुसासुद्धा कालवायचे, म्हणजे गिऱ्हाइकाला चक्कर मारून दाखवेपर्यंत डबा गप्प. तुमची गाडी सेकंडहँड आहे म्हणून सांगतोय. जुन्या ऑइलात भुशाच्या काड्या दिसतात का तेही बघा.

आता पुढचं डिफरन्सियल. ‘फोर व्हील कधीमधी लावता, त्याला काय होतंय’ हे मला अजिबात पटलं नाही. ते मागच्याइतकंच पाण्यात होतं, किंबहुना आधी तेच बुडालं. आणि ते कमी फिरत असेल तर तीच काळजीची गोष्ट आहे, कारण मग पाणी सप्टेंबरपासून एका जागी बसून असेल. आज संध्याकाळी गार गाडीचा ड्रेन बोल्ट किंचित ढिला करा. पाणी ऑइलापेक्षा जड असतं, त्यामुळं तळाला बसलेलं असेल तर आधी पाणीच थेंबथेंब येईल. पण त्याआधी वरचा फिलर बोल्ट सुटतो का ते बघा. तो गंजून अडकलेला असेल आणि तुम्ही खालून सगळं ऑइल काढून बसलात, तर नवीन भरणार कुठून? पुढच्या चाकांच्या हबमधलं ग्रीसही बघून घ्या. ग्रीस पांढुरकं, लोण्यासारखं झालं असेल तर तिथंही पाणी आहे.

शेवटी पुतण्याचं. त्याला रागावू नका, त्याला समजावून सांगा, कारण त्याची समजूत चुकीची असली तरी त्यात गाडीची काळजीच आहे. तुमच्यासारख्या गाड्यांत फोर व्हील लावली की पुढचा आणि मागचा शाफ्ट एकमेकांना घट्ट जोडले जातात, मध्ये सोडवणारं काही नसतं. वळताना मात्र चारही चाकं वेगवेगळ्या गोलातून जातात, आणि पुढची चाकं मागच्यापेक्षा जास्त अंतर कापतात. ओल्या काळ्या रानात, उसाच्या बांधावर चाक जरासं घसरतं आणि हा फरक निघून जातो. कोरड्या डांबरावर चाक घसरत नाही. मग तो फरक शाफ्ट, क्रॉस (शाफ्टचा सांधा), ट्रान्सफर केस आणि क्राउन-पिनियनमध्ये पीळ होऊन बसतो. सुती दोरीला पीळ देत राहिलं की ती गोळा होते, तसंच. वळणावर गाडी अडखळते, चाक चिरचिरतं, फोर व्हीलची दांडी निघता निघत नाही. तशी अडकली तर सरळ दोन-चार हात मागं घ्यायची, पीळ सुटतो आणि दांडी निघते. काही गाड्यांत कायम फोर व्हील असते, त्यांना मध्ये वेगळं डिफरन्सियल असतं, त्या डांबरावर चालतात. तुमची तशी नाही. डांबरी लागली की टू व्हील, चिखल लागला की फोर व्हील, एवढंच त्यानं लक्षात ठेवलं तर पुरे. आणि चारही टायर एका मापाचे, जवळपास सारखे झिजलेले हवेत. दोन नवे, दोन गुळगुळीत असतील तर फोर व्हीलमध्ये सरळ रस्त्यावरसुद्धा पीळ बसतो.

पुढच्या डिफरन्सियलचा बोल्ट ढिला केल्यावर पहिलं काय निघालं, पाणी, चहा की स्वच्छ ऑइल, तेवढं मला आधी लिहा. आणि पुडीतल्या पापड्यांचे दोन्ही बाजूंनी, एक-एक वेगळी ठेवून, शेजारी एक रुपयाचं नाणं ठेवून फोटो पाठवा. दातांचा तुकडा निघाला तर क्राउन-पिनियन कुठून आणायचं आणि जुनी जोडी घेताना त्यात काय बघायचं, ते पुढच्या वेळी सविस्तर सांगतो.